क्रायोनिक्ससाठी आडबाजूचं, स्वयंपूर्ण राखीव साठवणगृह : खानापूरकडे की सौंदत्तीकडे?

तिसरेगेट

क्रायोनिक्स (पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने मृत माणसाचा देह किंवा डोकं द्रव नायट्रोजनात अतिथंड ठेवणं) खरं की भाबडेपणा, हा वाद दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, तो तिथेच राहू दे. इथे फक्त बांधकाम, नायट्रोजन आणि जागा.

जगात अशी साठवणगृहं मोजकीच आहेत. अल्कोर ॲरिझोनात स्कॉट्सडेलला, क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट मिशिगनमध्ये, क्रिओरस रशियात, स्वित्झर्लंडमध्ये राफ्झला एक, ऑस्ट्रेलियात होलब्रूकला एक. दक्षिण आशियात एकही नाही. समजा बेळगाव भागात एक राखीव साठवणगृह करायचं झालं, मुख्य ठिकाण बंद पडलं तर रुग्ण (साठवलेल्या देहांना ह्या क्षेत्रात असंच म्हणतात) हलवता येतील असं, तर आराखडा कसा असावा?

माझा कच्चा आराखडा:
– क्षमता ८ देह आणि १० मेंदू. म्हणजे अल्कोरच्या पद्धतीचे दोन मोठे थर्मास, म्हणजे दुहेरी भिंतीत व्हॅक्यूम असलेली, द्रव नायट्रोजन भरलेली भांडी (एकात ४ देह, मधल्या खांबात ५ डोकी).
– जागा खानापूरकडच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, रानात, २० गुंठे. कुणाच्या नजरेत न येणारी.
– नायट्रोजन जागेवरच तयार करायचा. यंत्र, सोलर, जोडीला जनरेटर.
– बाहेरून काहीही न येता ६ महिने चाललं पाहिजे.

फाडा.

उद्यमबागी

फाडतो. शेवटची अट बरोबर आहे, वरच्या दोन तिच्याच मुळावर येतात.

आधी थर्मासाचा खर्च. असा मोठा थर्मास दिवसाला साधारण १२ लिटर द्रव नायट्रोजन उडवतो. एक वॉट उष्णता आत गेली की दिवसाला ०.५४ लिटर उडतो, म्हणजे १२ लिटर म्हणजे जेमतेम २२ वॉटची गळती. शून्याच्या बल्बाहून थोडी जास्त. ह्या चिमूटभर उष्णतेसाठी तुम्ही कॉम्प्रेसर, हेलियमची यंत्रणा, सोलर आणि जनरेटर असा सगळा संसार मांडताय.

आता थर्मास किती दिवस तग धरतो ते बघा. आतला व्यास १ मीटर आणि द्रवाची खोली २.४ मीटर धरली, देहांनी व्यापलेली जागा वजा केली, तर पातळी दिवसाला सुमारे २ सेंटिमीटर उतरते. देह डोकं खाली करून ठेवलेले असतात, ते याचसाठी. पातळी तळापासून अर्ध्या मीटरवर येईपर्यंत डोकी द्रवात बुडालेली राहतात. १९० सेंटिमीटर भागिले २, म्हणजे ९५ दिवस. कुणी काही न करता, लाइट नसताना, तीन महिने.

ह्याच्या शेजारी १०,००० लिटरची उभी टाकी ठेवा, भिंतीत परलाइट (उष्णता अडवणारी भुकटी) भरलेली, व्हॅक्यूमची. ती स्वतः दिवसाला ०.४ टक्के गमावते, म्हणजे ४० लिटर. (हो, टाकी दोन्ही थर्मासांपेक्षा जास्त खाते. पहिल्यांदा हिशोब करणाऱ्याला हे पटत नाही.) दोन थर्मासांचे २४, ओतताना वाया जाणारे धरून ३०. एकूण ७०. वापरता येण्याजोगे ९,००० लिटर धरले तर १२८ दिवस. त्यात थर्मासांचे स्वतःचे ९५ दिवस मिळवा. सात महिने झाले. यंत्र एकही नाही, वीज लागते ती फक्त सेन्सरला.

पारिश्वाडकर

उद्यमबागींशी सहमत. जनावरांच्या कृत्रिम रेतनाचे डबे गावोगाव ह्याच तत्त्वावर चालतात. त्या डब्याला कुठे प्लग असतो? चांगला डबा, वेळेवर भरणी आणि रोज काठी, एवढंच.

काठीचं मुद्दाम सांगतो. इलेक्ट्रॉनिक पातळीमापक लावा, खरं त्याच्यावर विसंबू नका. लाकडी मोजपट्टी तळाला टेकेपर्यंत सोडायची, दहा सेकंद थांबायचं, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरं हिम धरतं तेवढा द्रव. पोकळ नळी कधीही नको, आतून उसळून अंगावर येतो. आकडा वहीत, रोज त्याच वेळेला. पातळी उतरायचा वेग वाढला की व्हॅक्यूम चालला असं समजायचं, आणि हे वहीतच सगळ्यात आधी दिसतं.

दुसरी खूण बाहेरून. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की थर्मासाच्या गळ्याला, झाकणाला घाम येणारच, त्यात घाबरायचं काही नाही. पोटाला घाम किंवा हिमाचा डाग दिसला तर मात्र खेळ संपत आला. खानापूरकडच्या पावसात गळा आणि पोट यातला फरक नव्या माणसाला कळत नाही, कारण भिंतीलाही ओल असते. हे एकच कारण कणकुंबी नको म्हणायला पुरेसं आहे. शिवाय ओली हवा झाकणाच्या फटीतून आत शिरते, गळ्यात बर्फ धरतो, झाकण चिकटतं. वाफेची वाट पूर्ण बंद झाली तर आत दाब वाढतो, पुढचं सांगायला नको.

हेस्कॉमचा_खांब

विजेचं गणित, कारण सोलर म्हटलं की सगळ्यांना फुकट वाटतं.

नायट्रोजन बनवणारी लहान यंत्रं लिटरला अडीच ते चार युनिट घेतात, फारच लहान असेल तर त्याहून जास्त. मोठ्या कारखान्यात हाच लिटर अर्ध्या युनिटाच्या आसपास पडतो. रोज ३० लिटर म्हणजे ७५ ते १२० युनिट. बेळगाव भागात १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, म्हणजे वरच्या आकड्याला ३० किलोवॉट. खरं जुलै-ऑगस्टमध्ये घाटाकडे तेच पॅनेल अडीचच्याही खाली येतं, त्यामुळे ५० किलोवॉट धरून चला. रानात झाडांची सावली आणि पॅनेलवर शेवाळ, ते वेगळं.

बॅटरी नको, नायट्रोजन हीच बॅटरी, दिवसा बनवा रात्री बंद, असं कुणी म्हणेल. चालतं, पण यंत्राचं थंड टोक सकाळी पुन्हा उणे १९६ ला न्यायलाच पहिला वेळ जातो. लाइनीच्या भरवशावर चालवायचं तर जांबोटीकडे पावसाळ्यात झाड पडून तार तुटणं नित्याचं. बेळगाव ७५० मीटरवर आहे, इथे हवा विरळ, कॉम्प्रेसर किनाऱ्यापेक्षा ७-८ टक्के कमी हवा ओढतो. कॅटलॉगातला आकडा इथे मिळत नाही.

तिसरेगेट

हिशोब पटला. पण यंत्र सोडवत नाही, त्याला कारण २०२१. एप्रिल-मे मध्ये ऑक्सिजनची टंचाई झाली तेव्हा नायट्रोजन आणि आरगॉनचे टँकर ऑक्सिजनकडे वळवले होते, सरकारी आदेशाने. उद्या तसं काही झालं तर टाकी भरायला येणार कोण? महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर त्याच वर्षी तपासणीच्या रांगा लागल्या होत्या. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या गाड्या थांबतात, हे इथल्या कुणाला सांगायची गरज नाही.

उद्यमबागी

२०२१ चं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून निघतं काय? टंचाई काही आठवड्यांची होती. सात महिन्यांचा साठा ती बसल्या जागी पचवतो. यंत्र असतं तर त्याचे सुटे भाग परदेशातून यायचे, ते त्याच काळात अडकले असते. हेलियम कॉम्प्रेसरचं शोषक, थंड टोकाची सीलं, हवेतून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या चाळणीतला कार्बन, ह्यातलं काहीच इथल्या उद्यमबाग वसाहतीत खरादावर होत नाही. बाकी बेळगावात काय होत नाही ते सांगा!

वेढा पडल्यावर गड टिकतो तो अंबारखान्यावर आणि पाण्याच्या टाक्यावर. गडावर शेती करून कुणी वेढा काढला नाही.

यंत्र ठेवायचंच असेल तर तिसरी फळी म्हणून ठेवा, महिन्यातून एकदा फिरवा, आणि एक गोष्ट सांभाळा. शुद्धता. हवेतून चाळणीने काढलेल्या नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन राहिला, तर थर्मासात तो एकवर थांबत नाही. नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला, त्यामुळे उडतो तो मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन मागे साठत जातो. भरत राहिलात तर द्रवात ४ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. चाळणीत तेल-पाणी गेलं की शुद्धता घसरते, आणि आपल्या पावसाळ्यात पाणी जाणारच. ऑक्सिजन विश्लेषक लावल्याशिवाय यंत्राचा एक थेंबही थर्मासात नको.

टाकीच्या दाबाबद्दलही आत्ताच सांगतो, बरेच जण इथे नायट्रोजन उधळतात. टाकी ५ बारवर ठेवली तर आतला द्रव त्या दाबाच्या तापमानाला आलेला असतो, थर्मासात सुटला की पाचवा हिस्सा तिथेच भस्सकन वाफ. १ बारवर ठेवा, ६-७ टक्क्यांत भागतं. वेल्डिंग, लेसर कटिंगवाल्यांना दाब लागतो, म्हणून टाकी बसवणारा सवयीने जास्त दाब लावून देतो. त्याला आधीच सांगा. आणि रोज थोडं थोडं भरू नका. प्रत्येक वेळी पाइप थंड करण्यात काही लिटर जातात. आठवड्यातून एकदा, दोन्ही थर्मास लागोपाठ, व्हॅक्यूमच्या पाइपातून.

शहापूरचा_विणकर

बाबांनो, ड्राय आइसवर नाही का भागत? मिळतो सहज, स्वस्त.

पारिश्वाडकर

नाही वो. ड्राय आइस उणे ७८.५. रक्ताच्या जागी जे द्रावण भरतात ते काचेसारखं घट्ट होतं उणे १२३ च्या आसपास. त्याच्या वर म्हणजे काच नाही, घट्ट पाक. रासायनिक हालचाल हळू होते, थांबत नाही. वाहतुकीत काही दिवस चालतं, साठवणीला नाही.

उलट बाजूनेही एक मोह असतो. उणे १९६ ला ऊतींना तडे जातात म्हणून उणे १४० ला ठेवायच्या पेट्या निघाल्या आहेत. मुख्य ठिकाणी ठीक. राखीव ठिकाणी नको, कारण तापमान धरून ठेवायला हीटर आणि नियंत्रक लागतो. तो बंद पडला तर पेटी उणे १९६ कडे जाते, म्हणजे वितळण्याचा धोका नाही, पण मग आधीच साधा नायट्रोजन का नको?

मलप्रभाकाठ

जागेवर येऊ.

कणकुंबी-जांबोटी बाद, माझ्या मते चार कारणांनी. पाऊस आणि ओल वर आलीच. दुसरं, भीमगड अभयारण्य तिथे आहे आणि पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात खानापूर तालुक्यातली गावं आहेत, बांधकाम परवान्याला वर्षं जातील. तिसरं, रस्ता. भरलेला टँकर २५ टनांच्या पुढे जातो, चोर्ला रस्त्यावर पावसाळ्यात अवजड वाहनांना बंदी आलेली आहे. चौथं म्हणजे आडबाजू ही गुप्तता नव्हे. रानात महिन्याला एक टँकर जाऊ लागला की चार गावांत चर्चा. उद्योग वसाहतीत तोच टँकर कुणी वळूनही बघत नाही.

चिकोडी-निपाणी-अथणीचा नदीकाठ २०१९ च्या पुरात बघितलाच आहे. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदम. पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला तो २०१९ लाही आणि २०२१ लाही. म्हणून पुरवठा फक्त पुणे-कोल्हापूर बाजूने ठेवू नका.

माझं मत सौंदत्ती-यरगट्टी-रामदुर्ग पट्ट्याला. पाऊस कमी, हवा कोरडी, ऊन भरपूर, वालुकाश्माचं कठीण माळ. काळ्या मातीत मात्र पाया घालू नका, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात फुगते, १५ टनांची उभी टाकी तिच्यावर कलते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जा. माळ निवडताना नविलुतीर्थ धरणाच्या खालचा काठ सोडून उंचावर या. धारवाड ४० किलोमीटर, तिथून हुबळी-गदग-कोप्पळ-होसपेट मार्गे तोरणगल्लूचा (बल्लारी जिल्हा) पोलाद कारखाना साधारण २०० किलोमीटर. पोलादाला ऑक्सिजन लागतो, तो हवेतून वेगळा काढताना नायट्रोजन निघतोच, त्यामुळे त्या बाजूला द्रव वायूचा व्यवसाय मोठा आहे. एक पुरवठादार त्या बाजूचा, एक पुणे बाजूचा. दोन राज्यं, दोन रस्ते. तिसरेगेट यांची सीमेची चिंता यानेच मिटते.

एक सूचना. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला यल्लम्माची यात्रा. त्या आठवड्यात सौंदत्तीकडे टँकर मागवू नका.

भूकंप: बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये (आकडा मोठा तसा धोका जास्त), धारवाड-विजापूरही. १९६७ चा कोयनेचा धक्का इथल्या जुन्या माणसांना आठवतो. अल्कोरने १९९४ मध्ये कॅलिफोर्निया सोडून ॲरिझोना गाठलं, त्यात भूकंपाची भीती हे मोठं कारण होतं. ३ मीटर उंच, १.१ मीटर रुंद थर्मास उलटायला गुरुत्वाच्या एक तृतीयांशाहून जास्त आडवा धक्का लागतो, तेवढा तिसऱ्या झोनमध्ये धरत नाहीत. पण थर्मास सरकतो, आणि आतलं भांडं गळ्याला टांगलेलं असतं, त्या सांध्याला तडा गेला तर व्हॅक्यूम गेला. चाकं असतील तर कुलूपबंद करा, वरून साखळीने सैलसर बांधा, करकचून नको.

माळमारुती_रोड

बल्लारी बाजू दुसऱ्या झोनमध्ये येते. मग तोरणगल्लूच्या शेजारीच का नको?

मलप्रभाकाठ

भूकंपापुरतं बरोबर. पण कारखान्याच्या सावलीत राखीव ठिकाण म्हणजे दोघांचं संकट एकच. आणि पहारा ठेवायला माणसं कुठली आणणार? इथे मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी, नायट्रोजनच्या डब्याला सरावलेली माणसं तालुक्यात मिळतात.

कोर्ट_आवार

कायद्याचं कुणीच बोललं नाही.

भारतात क्रायोनिक्ससाठी वेगळा कायदा नाही. देहदान कर्नाटक ॲनाटॉमी कायदा १९५७ च्या वाटेने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेकडे जातं. खासगी साठवणगृह त्यात बसत नाही. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाशी करार केल्याशिवाय देहाचा विषय काढू नका. पहिल्या टप्प्यात ऊतींचे आणि डीएनएचे नमुने ठेवा, यंत्रणा काही वर्षं चालवून दाखवा.

टाकीचं: १,००० लिटरहून मोठी, दाबाखालची टाकी म्हणजे २०१६ चे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम, म्हणजेच पेसोचा (स्फोटकं आणि दाबपात्रं बघणारं केंद्राचं खातं) परवाना. आधी जागेच्या नकाशाला मंजुरी, मग टाकी. टाकीपासून कुंपण आणि इमारतीपर्यंतची सुरक्षित अंतरं नियमात दिली आहेत, प्लॉट घेण्याआधी ती कागदावर आखून बघा, २० गुंठे कधीकधी पुरत नाहीत. परवाना टाळायला लोक २०० लिटरचे ड्युरा सिलिंडर (द्रव वायूचे हलवता येणारे) रांगेने उभे करतात. ४५ ड्युरा, प्रत्येकी दिवसाला दीड-दोन टक्के उड. उद्यमबागी, गुणाकार करा.

जमीन: २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. पण बिनशेती करून घ्या, पहाणीत (कर्नाटकातला सातबारा) नोंद बघा. देवस्थान किंवा इनामाची जमीन असेल तर सोडा.

उद्यमबागी

४५ ड्युरा, २ टक्क्यांनी दिवसाला १८० लिटर. टाकी ४० गमावते. बोलायलाच नको.

गणेशपूर_नाका

सुरक्षेचा मुद्दा मांडतो, कारण ह्या धंद्यात माणसं मरतात ती थंडीने नाही, गुदमरून.

१ लिटर द्रवाचा ७०० लिटरच्या आसपास वायू होतो. खोली १०×६×७ मीटर धरा, ४२० घनमीटर. भरताना पाइप सुटून १०० लिटर सांडला तर ७० घनमीटर वायू. सगळीकडे सारखा मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून १७.४ वर. मिसळत मात्र नाही. गार वायू जड, जमिनीलगत पसरतो, गुडघ्याखाली परिस्थिती फार वाईट. खाली वाकून व्हॉल्व बंद करायला जाणारा माणूस वाकलेलाच राहतो, त्याला ओढायला दुसरा जातो आणि तोही पडतो.

– ऑक्सिजन सेन्सर दोन उंचीवर, एक जमिनीपासून फूटभर, एक नाकाच्या उंचीला. १९.५ ला भोंगा. सेन्सर दोनेक वर्षांत मरतो, बदलायची तारीख त्याच्यावरच लिहा. एक आकडा दाराबाहेर दिसला पाहिजे.
– समोरासमोरच्या भिंतींना जमिनीलगत झरोके, जाळी लावून. पंख्यावर विसंबू नका, लाइट गेल्यावरच गळती होते.
– छत कमी पडतंय म्हणून थर्मास खड्ड्यात बसवायची कल्पना कुणीतरी काढतोच. खड्डा म्हणजे नायट्रोजनची विहीर. नको.
– दोन व्हॉल्वच्या मधल्या प्रत्येक पाइपाच्या तुकड्याला स्वतंत्र सुरक्षा झडप. अडकलेला द्रव तापला की पाइप बॉम्ब होतो.
– झडपांची तोंडं खाली वळवून त्यांना बारीक जाळी लावा. आपल्याकडे कुंभारीण माशी महिन्याभरात नळीत मातीचं घर बांधते. झडप कागदावर शाबूत, प्रत्यक्षात बुजलेली.
– भरणी एकट्याने कधीही नाही.

माळमारुती_रोड

कुंभारीण माशीसाठी तुम्हाला एक कंदी पेढा माझ्याकडून. कुठल्याच कॅटलॉगात नसतं हे.

पारिश्वाडकर

आता मूळ प्रश्न. राखीव म्हणजे नेमकं काय? कागदाची झेरॉक्स निघते, देहाची निघत नाही. इथे राखीव ठेवता येतं ते भांडं, नायट्रोजन आणि छप्पर. म्हणून तिसरा थर्मास पाहिजेच, रिकामा. त्याच्याशिवाय हे साठवणगृह नव्हे, नुसतं गोदाम.

व्हॅक्यूम अचानक गेला तर काय होतं? २२ वॉटची गळती ८००-९०० वॉटवर जाते. १२ लिटरच्या जागी दिवसाला चार-पाचशे लिटर. तीन दिवसांत डोकी उघडी पडतात. तोवर भरत राहायचं आणि रिकामा थर्मास तयार करायचा. गरम थर्मास थंड करायलाच दोनेकशे लिटर, वर भरायला दीड हजारावर. घाईने ओतला तर आतल्या भांड्याला ताण बसतो, आधी तळाला थोडा, वाफेने वरचा भाग गार होऊ द्यायचा, मग चढवायचा. पूर्ण दिवस धरा.

देह उचलायला साधा हाताचा चेन पुली ब्लॉक, १ टनाचा. देह, ॲल्युमिनियमचा साचा आणि त्यात अडकलेला द्रव मिळून दीडशे किलोच्या आसपास, पण साखळीला घाम-बर्फ धरतो, दुप्पट-चौपट क्षमता असू दे. विजेचा हॉइस्ट दिसायला बरा, ऐनवेळी बंद. उंची मोजून घ्या: थर्मासाचं तोंड ३ मीटर, वर लटकणारा साचा २.१, हुक आणि दोर ०.८, मग तुळई. ६.५ मीटरच्या खाली छप्पर नको. एका थर्मासाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाताना काही मिनिटंच बाहेर, म्हणून दोन्ही थर्मास एकाच तुळईच्या रेषेत हवेत. हे बांधकामाआधी ठरलं नाही तर नंतर भिंत पाडावी लागते. वाळूची पोती भरून वर्षातून दोनदा तालीम करा.

उद्यमबागी

म्हणजे माझा १२८ दिवसांचा हिशोब चुकला. आणीबाणीच्या बदलीसाठी २,००० लिटर टाकीत कायम राखून ठेवले पाहिजेत. उरले ७,०००, भागिले ७०, म्हणजे १०० दिवस. थर्मासांचे ९५ धरून १९५. सहा महिन्यांच्या अटीत बसतं, पण काठावर. टाकी ६० टक्क्यांवर आली की टँकर मागवायचा हा नियम केला, तर प्रत्यक्षात तेवढेही दिवस हातात नसतात. ७५ टक्क्यांवर मागवा. पुरवठादार कुरकुरेल, त्याला पूर्ण टँकर एकाच ठिकाणी उतरवायचा असतो. जवळच्या कारखान्याच्या फेरीला जोडून घ्यायला सांगा.

टँकर फिरायला १२ मीटर त्रिज्येचं वळण आणि टाकीशेजारी थ्री-फेजचं सॉकेट ठेवा. लाइट नसेल तर टँकर दाबावर उतरवतात, वेळ खूप जातो आणि दाब चढलेला द्रव टाकीत येतो. वर सांगितलेली वाफेची भानगड परत.

गणेशपूर_नाका

पैशाचं एक वाक्य टाका कुणीतरी. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला तळघरातले देह वितळले, १९७९ ला जगापुढे आलं. तिथे नायट्रोजनला पैसे नव्हते. याउलट १९६७ ला गोठवलेला जेम्स बेडफर्ड आजही अल्कोरकडे आहे. भांडी बदलली, जागा बदलल्या, भरणी चुकली नाही.

कोर्ट_आवार

म्हणून ट्रस्ट दोन. एक जागा आणि यंत्रणा चालवणारा, दुसरा फक्त निधी सांभाळणारा, विश्वस्त वेगळे. चालवणारा ट्रस्ट बुडाला तरी नायट्रोजनचं बिल दुसरा भरू शकला पाहिजे, आणि पुरवठादाराशी करार त्या दुसऱ्याच्या नावावर. निधीतून बांधकाम करायला मनाई लिहूनच ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्षी कुंपणाच्या भिंतीत जातो.

तिसरेगेट

सुधारलेला आराखडा, वरचं सगळं धरून:

सौंदत्ती-यरगट्टी बाजूला उंचावरचं मुरमाड माळ, डांबरी रस्त्याला लागून, ४० गुंठे (सुरक्षित अंतरांसाठी). १०,००० लिटरची एक टाकी, १ बारवर. थर्मास तीन, त्यातला एक रिकामा. छप्पर ६.५ मीटर, एक तुळई, चेन पुली. सेन्सर आणि दिव्यांपुरतं १ किलोवॉट सोलर. यंत्र नाही. पुरवठादार दोन, टाकी ७५ टक्क्यांवर आली की मागणी. पहिली पाच वर्षं फक्त नमुने.

माणसं किती?

पारिश्वाडकर

चार. रोज दोघं, आळीपाळीने. रोजचं काम तासाभराचं, पण सणाला, लग्नसराईत आणि सुगीत दोघं मिळतातच असं नाही, म्हणून चार. चौघांनाही काठी, झडपा आणि फोन नंबरांची यादी पाठ हवी. यादी कन्नड आणि मराठी दोन्हीत, भिंतीवर, मोबाइलमध्ये नको.

हेस्कॉमचा_खांब

१ किलोवॉटला बॅटरी किती ठेवताय? सेन्सर, भोंगा, दोन दिवे मिळून २०० वॉट धरले तरी पावसाळी चार दिवसांना १९ युनिट लागतात. दिवे सोडून सेन्सर-भोंगा वेगळ्या लाइनीवर घ्या, ३० वॉटात बसतात, मग ३ युनिटांत काम होतं. दिव्यांना टॉर्च आहे.

उद्यमबागी

आणि एक टाकी की दोन? ६,००० च्या दोन घेतल्या तर उड थोडी वाढते, पण एका टाकीचा व्हॅक्यूम गेला तर अर्धा साठा हातात राहतो. दोन्हीचे दर मागवले आहेत, आले की इथेच टाकतो. तोवर मलप्रभाकाठ, त्या माळावर मुरूम किती फुटांवर लागतो ते शेजारच्या बोअरवेलवाल्याला विचारून घ्या.